परतीची वाट एकच नाही



अध्यक्षीय भाषणात गणिताच्या अवस्थेबद्दल चिंता व्यक्त करावी आणि शासनाकडे चार मागण्या कराव्यात, असा आपल्याकडचा प्रघात आहे. चिंता मलाही आहे. पण मिळालेला वेळ आज गणितालाच द्यावा म्हणतो. विषय आहे फ्रेम आणि तिची ड्युअल फ्रेम.

भाजीवाल्याचा काटा जरा खोटा आहे असं समजा. कांदे तोलले, २.१ किलो भरले. बटाटे २.९. दोन्ही एकत्र टाकले तर ५.३. अज्ञात दोन, नोंदी तीन, आणि बेरीज जुळत नाही. आता वजनं किती धरायची? एक जण म्हणेल, तिसरी नोंद विसरा. दुसरा म्हणेल, कांद्याची नोंद सोडा आणि एकत्र वजनातून बटाटे वजा करा. नोंदी बिनचूक असत्या तर दोघांनाही तेच उत्तर मिळालं असतं. चूक शिरली की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात.

हेच सदिशांत मांडू. प्रतलातले तीन सदिश घ्या: (१, ०), (०, १) आणि (१, १). कोणत्याही सदिशाचा या तिघांशी इनर प्रॉडक्ट घेतला की आपल्या तीन नोंदी मिळतात. त्या नोंदींच्या वर्गांची बेरीज मूळ सदिशाच्या लांबीच्या वर्गाच्या एकपटीहून कमी नसते आणि तिपटीहून जास्त नसते. अशा दोन धन मर्यादा सापडल्या की त्या सदिशसंचाला फ्रेम म्हणायचं. रिचर्ड डफिन आणि ए. सी. शेफर यांनी १९५२ साली अनहार्मोनिक फूरिए श्रेणींचा अभ्यास करताना ही व्याख्या दिली. पुढची तीन दशकं तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९८६ साली इन्ग्रिड दोबेशी, अलेक्स ग्रॉसमन आणि इव्ह मेयर यांनी ती सिग्नलच्या कामाला लावली, आणि मग मात्र तिला उसंत मिळाली नाही.

नोंदींवरून मूळ सदिश परत उभा करायला दुसरा एक संच लागतो. तीच ड्युअल फ्रेम. पाठ्यपुस्तकातली रीत अशी: फ्रेम ऑपरेटर (प्रत्येक सदिशाला त्याच्या नोंदीनं गुणून बेरीज करणारा) काढा, त्याचा व्यस्त घ्या, आणि तो प्रत्येक सदिशावर चालवा. आपल्या उदाहरणात (२/३, −१/३), (−१/३, २/३) आणि (१/३, १/३) असे सदिश येतात; या संचाला कॅनॉनिकल ड्युअल म्हणतात. त्यांनी हिशेब केला तर कांदे २.२ किलो आणि बटाटे ३.० किलो. तिन्ही नोंदींत बरोबर ०.१ किलोचा फरक उरतो, म्हणजे चूक सगळ्यांत सारखी वाटली गेली. नोंदींतल्या चुका स्वतंत्र आणि एकाच मापाच्या असतील, तर एका नोंदीतल्या चुकीच्या वर्गाची सरासरी १ धरल्यास उत्तरातल्या चुकीच्या वर्गाची सरासरी या रीतीनं ४/३ येते. तिसरी नोंद टाकून दिली तर ती २ होते, आणि कांद्याची टाकली तर ३. या कसोटीवर कॅनॉनिकल ड्युअलला कुणी हरवू शकत नाही.

आपलं शिकवणं नेमकं इथे थांबतं, आणि माझी तक्रार तिथूनच सुरू होते. ज्या फ्रेममध्ये एकही सदिश जास्तीचा नाही, तिची ड्युअल एकच असते. जास्तीचा सदिश आला की ड्युअल अनंत होतात. काटकोनी चौकटीची सवय लागलेल्या विद्यार्थ्याला हे कुणी सांगतच नाही. तोही व्यस्त काढून मोकळा होतो. एखादी नोंद वाटेत हरवली तर काय, याचा विचार तो करत नाही. तिसरी नोंद हरवली असेल तर (१, ०), (०, १), (०, ०) ही गबाळी दिसणारी ड्युअलच उपयोगाची ठरते.

आता खऱ्या मैदानात येऊ. डेनिस गाबोर यांनी १९४६ साली सुचवलं की एक खिडकी-फलन घ्यावं, ते काळात आणि वारंवारतेत ठराविक अंतरानं सरकवावं, आणि त्या तुकड्यांतून सिग्नल वाचावा. ही दोन अंतरं a आणि b. त्यांनी गुणाकार ab = १ धरला, म्हणजे जास्तीचं काहीच नाही. ही काटकसर महागात पडते. बालियन (१९८१) आणि लो (१९८५) यांच्या प्रमेयानुसार, ab = १ असताना फ्रेम हवी असेल तर खिडकी काळ आणि वारंवारता या दोन्हींत आटोपशीर असू शकत नाही. गाबोरची गाउसियन खिडकी ab < १ असेल तेव्हाच फ्रेम देते. म्हणून जास्तीचा भार घ्यावा लागतो, आणि तो घेतला की ड्युअल निवडण्याची मोकळीक आपोआप मिळते.

या मोकळिकीचं मला सर्वांत आवडणारं फळ ओले क्रिस्टेन्सेन यांच्या बी-स्प्लाइनवरच्या कामात आहे. शून्य ते दोन या अंतरावरचं त्रिकोणी फलन g (हाही एक बी-स्प्लाइनच) घ्या. एकेक एककानं सरकवलेल्या त्याच्या प्रतींची बेरीज सगळीकडे १ असते. a = १ आणि b जास्तीत जास्त १/३ ठेवा. मग b·g(x) + २b·g(x+१) ही ड्युअल खिडकी होते. ना ऑपरेटर उलटा करायचा, ना अनंत श्रेणी. पडताळणी अशी: कोणत्याही बिंदूवर g च्या दोनच प्रती जिवंत असतात. त्यांच्या किमती u आणि v म्हणा; u + v = १. ड्युअल असण्याची अट शेवटी u² + २uv + v² = १ इथे येऊन ठेपते. उरलेली अट b च्या मर्यादेमुळे आपोआप पाळली जाते, कारण दूरच्या प्रती एकमेकींना शिवतच नाहीत. म्हणजे शाळेतल्या (u + v)² च्या सूत्रावर ही रचना उभी आहे! ही ड्युअल तीन एककांत संपते. कॅनॉनिकल ड्युअल अशी मर्यादित लांबीत संपेलच, याची सर्वसाधारण हमी नाही. ज्याला संगणकावर आवाजाचे तुकडे जोडायचे आहेत, त्याला अशा हमीची किंमत कळते.

आणि अनेक ड्युअलांतून निवड करण्याचा हा विचार आपल्याला परका नाही. मर्यादित मितीत ड्युअल शोधणं म्हणजे उंच मॅट्रिक्सचे डावे व्यस्त शोधणं. सी. आर. राव आणि सुजितकुमार मित्रा यांचा सामान्यीकृत व्यस्तांवरचा ग्रंथ १९७१ साली निघाला. एक व्यस्त मिळाल्यावर न थांबता सगळे व्यस्त शोधायचे आणि मग गरजेप्रमाणे निवडायचे, ही शिस्त भारतीय संख्याशास्त्रानं केव्हाच अंगी बाणवली होती. आपल्या रेषीय बीजगणिताच्या तासाला मात्र ती अजून पोहोचलेली नाही.

तेव्हा माझी विनंती शासनाला नाही, तुम्हा अध्यापकांना आहे. येत्या सत्रात द्वितीय वर्षाच्या वर्गात ते तीन सदिश फळ्यावर लिहा आणि मुलांना एक ड्युअल न विचारता सगळ्या ड्युअल विचारा. सोडवायला लागतात फक्त दोन अज्ञातांची समीकरणं. आलेल्या उत्तरांतून कोणती ड्युअल कोणत्या कामाची, यावर त्यांना आपसांत भांडू द्या, आणि त्या भांडणाला निदान एक पूर्ण तास द्या.