ब्रिग्जच्या ग्रंथांशेजारी काय मांडाल?



परकीय सत्तेचा अंमलदार म्हणून या देशात आले आणि पुढे ग्रंथकार म्हणून नावाजले गेले, अशा इंग्रजांपैकी साताऱ्याचा ग्रँट डफ आपणा सर्वांस ठाऊक आहे. आपल्या खानदेशचा कॅप्टन जॉन ब्रिग्ज मात्र आपल्याला फारसा ठाऊक नाही. त्याच्यावर उद्या एखाद्या वस्तुसंग्रहालयात प्रदर्शन भरवायचे झाले, तर त्या दालनात काय मांडावे, याविषयीचा विचार आज आपल्यापुढे ठेवतो.

ब्रिग्ज मूळचा मद्रास पलटणीचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेशचा कारभार त्याच्याकडे आला. त्याने ठाण्यासाठी धुळे निवडले, व्यापाऱ्यांना बोलावून नवी पेठ वसवली. तेव्हा या गावाची वस्ती जेमतेम अडीच हजार होती. आजच्या धुळे शहराच्या वाढीचा आरंभ तेथे आहे.

त्याची लेखनावरील निष्ठा मान्य केली पाहिजे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पुण्याची रेसिडेन्सी जळाली आणि त्यात त्याचे ग्रंथ व हस्तलिखिते गेली. तरी त्याने काम पुन्हा हाती घेतले आणि फरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये चार खंडांत प्रसिद्ध केले. थाळनेर-बऱ्हाणपूरच्या फारुकी सुलतानांची हकिकत इंग्रजी वाचकाला या भाषांतरातून मिळाली. १८३० मध्ये त्याने हिंदुस्थानच्या जमीनमहसुलावर ग्रंथ लिहिला. जमिनीचा मालक सरकार नसून कसणाऱ्याचा हक्क येथे प्राचीन काळापासून चालत आला आहे, असे त्याचे प्रतिपादन. कंपनीच्या चाकरीतल्या माणसाने हे लिहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु दालन एवढ्यावर संपवले, तर तो गौरवसोहळा होईल. ज्या वर्षी ब्रिग्ज येथे आला, त्याच १८१८ च्या फेब्रुवारीत थाळनेरच्या किल्ल्यावर जनरल हिस्लॉपने होळकरांच्या किल्लेदाराला, तुळशीरामाला, फाशी दिले. सुमारे ३०० जणांची शिबंदी कापली गेली. सातपुड्यातील भिल्लांची रसद तोडणे, पुढाऱ्यांचा पाठलाग करणे आणि काहींना तनखे देऊन शांत करणे, हे ब्रिग्जच्याच अमदानीतले धोरण. तेवढ्याने डोंगर शांत झाले नाहीत. म्हणून १८२५ मध्ये आउट्रमकडे भिल्ल पलटण उभारण्याचे काम आले आणि जळगाव जिल्ह्यातील धरणगाव हे तिचे ठाणे झाले. त्या भिल्लांची बाजू कोणत्या कपाटात ठेवणार? फरिश्त्याची फारसी संहिता छापण्याच्या कामी मीर खैरात अली खान यांनी ब्रिग्जला साहाय्य केले. त्यांचे नाव पाटीवर कोणत्या आकाराच्या अक्षरांत लिहिणार? प्रदर्शनाचा प्रामाणिकपणा अशा प्रश्नांवर ठरतो.

ग्रँट डफच्या उणिवा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी तरुण वयात दाखवून दिल्या. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तर गावोगाव पायपीट करून दप्तरे गोळा केली आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड प्रसिद्ध केली. परकीयाने आपला इतिहास चुकीचा लिहिला, अशी नुसती तक्रार करत ते बसले नाहीत. त्यांनी अस्सल कागद पुढे ठेवले. योगायोग असा की, ब्रिग्जने वाढवलेल्या धुळ्यातच ३१ डिसेंबर १९२६ रोजी राजवाड्यांनी देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. माझ्या मते ब्रिग्जच्या ग्रंथांची जागा राजवाड्यांच्या दप्तरांशेजारी आहे. ते दोन्ही समोरासमोर पाहणारा विद्यार्थी आपला निर्णय आपणच करील.

अखेरीस एक विनंती. अमळनेर, एरंडोल, पारोळे, शिंदखेडे, शिरपूर येथील जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर मोडी कागदांच्या पेट्या असतील. वाडा पाडताना त्या रद्दीत जाऊ देऊ नका. घरातील वृद्धांच्या तोंडची अहिराणी गीते, पाड्यांवर सांगितल्या जाणाऱ्या भिल्लांच्या कथा उतरवून ठेवा. जळालेले हस्तलिखित ब्रिग्जने पुन्हा लिहिले, कारण त्याचा मूळ ग्रंथ अन्यत्र होता. आपल्या माळ्यावरचा कागद बहुधा एकमेव असतो. तो गेला, तर खानदेशचा इतिहास पुढच्या पिढीला ब्रिग्जच्याच शब्दांत वाचावा लागेल.