सही कशावर करतो आपण?

(शहादा येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



कुणाच्या दाव्यावर, दाखल्यावर आपण साक्षीदार म्हणून अंगठा देतो, सही करतो. त्या सहीनं आपण नक्की काय सांगतो, एवढंच आज बोलायचं आहे.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यात, टेंभलीत, एका बाईला मिळाला. ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता त्यांच्यासाठी तेव्हा दोन वाटा होत्या: नेमलेल्या परिचयकर्त्यानं ओळख पटवायची, नाहीतर कुटुंबप्रमुखानं. आता सांगा, नवऱ्यानं टाकलेल्या बाईची ओळख त्याच नवऱ्यानं पटवायची का?

वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन पुरावा म्हणून चालतं. वडीलधारे म्हणजे पुरुषच, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. कुठलं शेत कुणी कसलं हे म्हाताऱ्या आजीनं डोळ्यांनी पाहिलंय. मग तिचं निवेदन का नाही?

संगणकावर गुप्त पत्रं लिहिणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आला. १९९१ साली अमेरिकेत फिल झिमरमन यांनी पीजीपी हा प्रोग्रॅम काढला. त्यात प्रत्येकाची एक जाहीर किल्ली असते. ती खरंच त्याचीच आहे, हे कुठलंही सरकार नव्हे, ओळखणारी माणसं आपापली सही करून सांगतात. रीत अशी, की समोरासमोर भेटायचं, किल्लीची खूण ताडून बघायची, मगच सही. आणि त्या सहीचा अर्थ 'ही किल्ली याचीच' एवढाच. माणूस भला की वाईट, याबद्दल ती काही सांगत नाही.

हा फरक आपल्या फार कामाचा आहे. गावानं जिला डाकीण ठरवलं, जी घरातून भांडून निघाली, तिच्यासाठी साक्षीला कोणी उभं राहत नाही. लोक म्हणतात, "तिची चाल बरी नाही." अहो, चालीचा दाखला मागितलाय कुणी? ती कोण, कुठं राहते, किती वर्षं कसते, एवढंच सांगायचंय.

दुसरी बाजूही तेवढीच खरी. दीर म्हणतो, सरपंच म्हणतो, म्हणून न वाचता अंगठा द्यायचा नाही. कागद मोठ्यानं वाचून घ्यायचा. जे स्वतः पाहिलं नाही, त्याची साक्ष द्यायची नाही. एक खोटी सही निघाली, की आपल्या दहा खऱ्या सह्यांवर संशय येतो.

ग्रामसभेत वनहक्काचा विषय असतो तेव्हा हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. तिथं नुसती संख्या भरायला बसू नका. जिला ओळखता, तिच्यासाठी उभ्या राहा आणि बोला.