गाडी उतारावर बंद पडली तेव्हा
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभी राहण्याचा हा पहिलाच प्रसंग, तेव्हा काही चुकले तर सांभाळून घ्या. चिटणीसबाई म्हणाल्या, "पाककृती सांगणाऱ्या पुष्कळ आहेत, तुम्ही मोटारीचे सांगा." म्हणून हा विषय.

यजमानांना मोतीबिंदू झाला तेव्हा मी गाडी शिकले. पुढे २०१९ च्या मे महिन्यात आम्ही पाचगणीहून पसरणीच्या घाटाने वाईकडे उतरत होतो. मागे सासूबाई आणि धाकटी मुलगी. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला. यजमान म्हणाले होते, भरून घे. मी म्हटले, उतारच तर आहे, वाईत भरू. चूक माझीच. टाकीत पेट्रोल थोडे असले म्हणजे उतारावर, वळणावर ते एका बाजूला सरकते आणि इंजिनाला मिळत नाही, हे मागाहून मेकॅनिककडून कळले.

एका वळणाआधी गिअर बदलायला क्लच दाबला आणि इंजिन गप्प झाले. तांबडे दिवे लागले. गाडी मात्र थांबेना. स्टिअरिंग जात्यासारखे जड झाले. ब्रेक दाबला, तो लागला. घाबरून सोडला, पुन्हा दाबला, तर घट्ट वाटला. तिसऱ्यांदा पायाखाली जणू दगडच! ब्रेकला इंजिनाची मदत असते. इंजिन बंद पडले की ती एकदोनदा दाबण्यापुरतीच उरते. म्हणून ब्रेक सोडसोड न करता एकदाच जोराने दाबून धरावा. मदत संपली तरी ब्रेक असतोच, पण अंगाचा सारा भार घालावा लागतो.

इतक्यात यजमान ओरडले, "चावी काढ!" माझा हात चावीवर गेलाही होता. ती काढली असती तर स्टिअरिंगला कुलूप लागले असते आणि गाडी वळलीच नसती. आठवले तरी अजून घाम फुटतो. मी म्हटले, "अहो, ओरडू नका, हँडब्रेक हळूहळू ओढा."

क्लच अजून माझ्या पायाखालीच होता. क्लच दाबलेला म्हणजे गाडी मोकळी सुटलेली. तो सोडताच गाडी दुसऱ्या गिअरने धरली गेली आणि वेग मोडला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग रेटून मी ती डावीकडे, डोंगराच्या बाजूला घेतली. (सपाट रस्ता असता तर न्यूट्रल करून एकदा चावी फिरवून पाहता आली असती.)

थांबल्यावर रिव्हर्स गिअर टाकला, चाकांपुढे दगड लावले, चारही इंडिकेटर लावले, मागे बऱ्याच अंतरावर तांबडा त्रिकोण ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, उन्हात कशाला? मी आतच बसते." त्यांचे ऐकले नाही. बंद गाडीवर मागून येणारी गाडी आदळते, म्हणून सर्वांना उतरवून रस्त्यापासून दूर, झाडाखाली बसवले. यजमान एका दुचाकीवाल्याबरोबर जाऊन पेट्रोल घेऊन आले. निघताना दगड उचलून कडेला टाकले. पुष्कळ लोक ते रस्त्यातच टाकून जातात, आणि रात्री त्यांवर दुसऱ्याचे चाक चढते. याचा मला फार राग येतो.

आणखी दोन गोष्टी. पावसात साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली तर ती पुन्हा चालू करू नका. पाणी आत ओढले गेले तर इंजिन मोडते. ढकलून बाहेर काढा. आणि राष्ट्रीय महामार्गावर अडलात तर १०३३, इतरत्र संकटात ११२, हे आकडे पाठ असू द्या.

ब्रेक घट्ट होतो म्हणजे काय, हे सांगून समजत नाही. आमची गाडी बाहेर अंगणात उभी आहे. चहा झाला की एकेकीने बसावे, इंजिन बंद ठेवून ब्रेक चार वेळा दाबून पाहावा. गाडी येत नसली तरी चालेल. हँडब्रेक मी ओढून ठेवला आहे.