गुरगुरणाऱ्या कुत्र्याला मारू नका



आज बोलायचंय आपल्या दारातल्या कुत्र्याबद्दल. शेळ्यांच्या लसीकरणासाठी मी वस्त्यांवर फिरते. घरातल्या बाईच्या आधी मला तिचं कुत्रंच भेटतं. ते अंगावर येतं, मी पिशवी पुढे धरून उभी राहते, आणि आतून बाई हाक मारते, "या ताई, काही करत नाही तो!" हे मी शेकडो वेळा ऐकलंय. खरं सांगायचं तर हेच मी स्वतःही म्हणायची, माझ्या दारात उभी राहून.

आमच्या कुत्र्याचं नाव वाघ्या. कुत्रं खंडोबाचं, म्हणून आमच्याकडे दर दुसऱ्या घरी वाघ्याच असतो. पिल्लू असतानाच त्याला गोठ्याच्या कोपऱ्यात साखळीला बांधला. राखणीचं कुत्रं तिखट पाहिजे, म्हणून पोरांना हात लावू दिला नाही, पाहुण्यांना जवळ जाऊ दिलं नाही. मोठा झाल्यावर ताटलीजवळ कुणी गेलं की तो गुरगुरायला लागला. घरचे काठी घ्यायचे. "ज्याची भाकरी खातो त्याच्यावरच गुरगुरतो का?" मलाही ते पटायचं. मीही दोनदा वहाण फेकून मारली. पाच-सहा महिन्यांत वाघ्याचं गुरगुरणं बंद झालं. आम्हाला वाटलं, सुधारला.

मग एका महिन्यात बचत गटाची बैठक आमच्या ओट्यावर होती. बायकांबरोबर पोरं आली, खेळायला लागली. माझ्या धाकट्या जावेची पाच वर्षांची मुलगी चेंडूमागे धावत ताटलीपाशी गेली. वाघ्या ताठ उभा होता, तोंडातून आवाज नाही. दुसऱ्या क्षणी त्याने तिची पोटरी धरली.

सगळ्या म्हणाल्या, न भुंकता चावला, बेभरवशाचं कुत्रं आहे, सोडून द्या लांब. जाऊ दोन महिने माझ्याशी बोलली नाही. आणि मला रात्री झोप येईना, कारण मला आठवत होतं की वाघ्या आधी सांगायचा. सांगितलं की काठी बसते, हे त्याला आम्हीच शिकवलं होतं.

कुत्रं एकदम चावत नाही. आधी ते अंग ताठ करतं, एकटक बघतं, नाहीतर मान फिरवून डोळ्यांच्या कडेने बघतं. मग ओठ वर जातो, दात दिसतात, गुरगुर येते. काही कुत्री नुसती हवेत झडप घालतात. या सगळ्याचा अर्थ एकच, मागे हो. मार देऊन गुरगुर बंद होते, पण तिच्यामागची भीती तशीच राहते. मारामुळे ती उलट वाढते. मधल्या पायऱ्या गेल्या की उरतो फक्त चावा. म्हणून कुत्रं गुरगुरलं तर आधी पोराला बाजूला घ्या आणि ते कशामुळे गुरगुरलं ते बघा. ताटली, हाड, पिल्लं, दुखरा पाय, झोपमोड, काहीतरी कारण सापडतंच.

आता भुंकण्याचं. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. मोठा झालेला लांडगा फार क्वचित भुंकतो. कुत्रं मात्र माणसाच्या दारात राहून भुंकणारं झालं. हंगेरी देशात मेंढ्या राखणारी मुडी नावाची कुत्री आहेत. तिथल्या संशोधकांनी त्यांचं भुंकणं टेप केलं, परक्या माणसावरचं, एकटं बांधून ठेवल्यावरचं, खेळतानाचं, आणि लोकांना नुसतं ऐकवलं. ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं, त्यांनाही बरंचसं ओळखता आलं. आपल्याला तर यायलाच हवं. परकं कुणी आलं की आवाज जाड आणि भराभर, मध्ये दम न घेता. एकटं पडलेलं कुत्रं बारीक आवाजात, थांबून थांबून भुंकतं. साखळीवरचं कुत्रं रात्रभर तसं भुंकत असेल, तर ते चोराला नाही, तुम्हाला बोलावतंय.

दूधवाल्यावर कुत्रं रोज का भुंकतं, कळलंय का? तो येतो, कुत्रं भुंकतं, तो जातो. आपल्याला माहीत असतं की तो पुढच्या घरी निघाला. कुत्र्याच्या हिशोबात मात्र आपणच त्याला पळवला. रोज जिंकतं बिचारं! म्हणून दिवसेंदिवस जास्त जोर करतं. आणि आपण घरातून "गप ए!" म्हणून ओरडतो, तेव्हा त्याला वाटतं, घरधनीणही भुंकतेय, म्हणजे गडबड मोठी आहे.

मी आता काय करते ते सांगते. वाघ्या भुंकला की बाहेर येते. तो बघतोय तिकडे बघते. "बरं, बघितलं" म्हणते आणि त्याला माझ्याकडे बोलावते. आला की भाकरीचा तुकडा. पहिले पंधरा दिवस तो आलाच नाही. नंतर यायला लागला. अजूनही भुंकतो, भुंकायलाच पाहिजे, पण मी आले की माझ्यावर सोडून देतो.

पिल्लू आणणार असाल तर त्याचे पहिले तीन महिने फार मोलाचे. जन्मल्यानंतर तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत जे ते बघतं, त्याला ते आपलं मानतं. त्या वयात त्याला पोरं, म्हातारी काठीवाली माणसं, आशाताई, मोटारसायकल, शेळ्या, सगळं दाखवा. तिखटपणा जाईल अशी भीती बाळगू नका. घर आणि परका यातला फरक कुत्र्याला उपजत कळतो. कोंडून वाढवलेलं कुत्रं शूर होत नाही, ते भेदरलेलं राहतं आणि परकं-आपलं न बघता चावतं. पोरं गंमत म्हणून "छू" करून दुसऱ्याच्या अंगावर घालतात, ते तर आजच बंद करा.

बिबट्याच्या भागातल्या बहिणींना एक वेगळं सांगायचंय. अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात वजनाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांचा ११. उसाच्या कडेला रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं राखण करत नाही. त्याला पळताही येत नाही. रात्री ते शेळ्यांसारखंच बंद जागेत घ्या. आतून भुंकलं तरी तुम्हाला ऐकू येतंच.

आता चावलं तर. आमच्या पोरीच्या जखमेवर कुणी हळद आणली, कुणी चुना. काहीही लावायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना. घरचं कुत्रं आहे, त्याला लस दिलीय, दहा दिवस बघू, असं म्हणत थांबायचं नाही. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचंच, पण पोराची लस सुरू करून. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत वेगळं औषध टोचावं लागतं, ते विचारून घ्या. पुढच्या तारखा एकही चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय नाही.

कुत्र्याला तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस आणि मग दरवर्षी. आणि एक ऐकून ठेवा. कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा झाला, भुंकणं बदललं, लाळ गळते, गिळता येत नाही, तर घशात हाड अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. लांब राहा, पोरांना आत घ्या आणि पशुवैद्यकीय डॉक्टरांना कळवा.

वाघ्याला आम्ही सोडला नाही. गोठ्याभोवती जाळी मारली, दिवसा तो आत मोकळा असतो. ताटली मागच्या बाजूला, पोरांचा पाय जात नाही तिथे. जवळजवळ वर्षाने, दिवाळीच्या दिवसांत, माझा भाऊ चुकून ताटलीजवळ गेला आणि वाघ्या गुरगुरला. भाऊ दचकला. मी त्याला म्हटलं, मागे हो, आणि वाघ्याला काही बोलले नाही.