आपलीच मृत्युवार्ता वाचणारा प्रवासी

आफ्रिकेच्या अरण्यांत जाणाऱ्यास भय वाटतें तें सिंहाचें, हत्तीचें, नदींतील सुसरीमगरींचें. परंतु एका जगप्रसिद्ध प्रवाशावर तेथें जें संकट कोसळलें, त्याला यांपैकीं कोणतेंहि जनावर कारण झालें नाहीं. हा प्रवासी म्हणजे अमेरिकन कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे.

१९५३ सालच्या उत्तरार्धांत हेमिंग्वे पत्नी मेरी हिच्यासह केनियांत सफारीसाठीं आले. स्वाहिली भाषेंत सफारी म्हणजे प्रवास. मराठींत रुळलेला ‘सफर’ हा शब्दहि त्याच अरबी मुळांतला. शिकारीचे दिवस संपल्यावर, नाताळची भेट म्हणून पत्नीला मध्य आफ्रिकेचें दर्शन विमानांतून घडवावें, असें त्यांनीं योजिलें. २१ जानेवारी १९५४ रोजीं तिघांचें लहानसें विमान नैरोबीहून निघालें.

२३ तारखेस तें युगांडांतील मर्चिसन धबधब्यावर घिरट्या घालूं लागलें. येथें नाईल नदीचा बहुतेक सारा प्रवाह खडकांतील सुमारें २३ फूट रुंदीच्या फटींतून सुमारें १४० फूट खालीं झेपावतो. हें दृश्य डोळे भरून पाहणें चालू असतांच पक्ष्यांचा थवा आडवा आला. तो चुकविण्यासाठीं वैमानिकानें विमान खालीं घेतलें आणि तें तारायंत्राच्या एका तारेवर आदळलें. ती तार कधींच वापरांतून गेलेली होती. पण कोणी काढून टाकली नव्हती. विमान झाडींत उतरलें. मेरीच्या दोन बरगड्या मोडल्या, हेमिंग्वे यांचा खांदा दुखावला. पण तिघेहि जिवंत राहिले. ती रात्र त्यांनीं शेकोटी पेटवून, हत्तींच्या सान्निध्यांत काढली. हत्तींनीं त्यांना कांहींएक उपद्रव दिला नाहीं.

इकडे त्या बाजूनें जाणाऱ्या एका प्रवासी विमानाच्या वैमानिकास खालीं अवशेष दिसले. माणसें मात्र दिसलीं नाहींत. ‘माणसें दिसलीं नाहींत’ याचा अर्थ ‘माणसें उरलीं नाहींत’ असा झाला, आणि हेमिंग्वे मरण पावल्याची वार्ता जगभर पसरली.

दुसऱ्या दिवशीं नदींतून आलेल्या एका बोटीनें तिघांना आल्बर्ट सरोवराच्या कांठीं बुटियाबा येथें पोंचविलें. तेथें दुसरें विमान सज्ज होतें. दिवस मावळत आला होता आणि धांवपट्टी खांचखळग्यांची होती. तरीहि त्याच सायंकाळीं निघण्याचें ठरलें. विमान जमीन सोडतें न सोडतें तोंच कोसळलें व पेटलें. मेरी आणि वैमानिक निसटले. धिप्पाड हेमिंग्वे आंत अडकले. अखेर डोक्यानें व खांद्यानें धडका देऊन त्यांनीं दार उघडलें. त्यांत कवटीस तडा गेला. यकृत, प्लीहा व मूत्रपिंड यांना गंभीर इजा झाली.

पुढें आपल्यावरील मृत्युलेख ते मोठ्या चवीनें वाचीत, आणि लोकांनाहि त्याची मौज वाटे. चालताबोलता मनुष्य पाहून जो तो निश्चिंत झाला. शरीरांतली दुखापत कोणास दिसत नव्हती. त्याच वर्षीं त्यांना साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु १० डिसेंबरच्या समारंभासाठीं स्टॉकहोमला जाण्याइतकी प्रकृति राहिली नव्हती. त्यांचें भाषण अमेरिकेच्या वकिलानें वाचून दाखविलें. १९६१ सालीं त्यांचें निधन झालें. तोंपर्यंत पूर्वीचें आरोग्य त्यांना पुन्हा लाभलें नाहीं.

दरींतील तार वैमानिकाच्या ध्यानांत आली नाहीं, झाडींतलीं माणसें आकाशांतून दिसलीं नाहींत, आणि हंसऱ्या चेहऱ्यामागची व्यथा जगाला कळली नाहीं. न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, हा धडा प्रवाशानें तर घ्यावाच. पण घरीं बसून वार्ता ऐकणाऱ्यानेंहि तो विसरूं नये.