कचरा जाळायचा की पचवायचा?



1987 साली दिल्लीत तिमारपूर इथे कचऱ्यापासून वीज करणारा एक मोठा प्रकल्प उभा राहिला. डेन्मार्कची मदत होती, तंत्रज्ञानही तिथलंच होतं. रोज 300 टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॅट वीज काढायची, असा बेत. प्रकल्प चालला 21 दिवस, आणि बंद पडला. भट्टीची आखणी करताना किलोमागे 1,460 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देणारा कचरा येईल असं धरलं होतं. प्रत्यक्षात आला तो 600 ते 700 किलोकॅलरीचा.

आजच्या विषयाची सुरुवात मी या 21 दिवसांपासून करतो आहे, कारण तिथे जे चुकलं ते आजही गावोगावच्या नगरपालिकांत चुकतं आहे. कचऱ्याची उष्णता कमी का भरते? एक किलो पाण्याची वाफ करायला 600 किलोकॅलरींहून थोडी जास्तच उष्णता लागते. कचऱ्यात निम्मं पाणी असेल, तर किलोमागे 300 किलोकॅलरी त्या पाण्याची वाफ करण्यातच संपतात. वर रस्ता झाडताना भरलेली माती असते. ती जळत नाही, उलट तापायला उष्णता घेते आणि राख होऊन साचते. युरोपातल्या कचऱ्यात कागद, खोकी, लाकूड, प्लॅस्टिक यांचा वाटा मोठा. आपल्या डब्यात काय असतं? मेथीच्या काड्या, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात. हा माल भट्टीचा नाहीच. हा माल पचवण्याचा आहे.

आणि पचवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात 1897 साली मैल्याच्या टाकीतून वायू मिळवण्याची सोय केली होती आणि पुढे त्या वायूवर इंजिनही चाललं. देहूला डॉ. सुहास मापुसकरांनी आयुष्यभर संडास आणि बायोगॅस यांची सांगड घातली. लोकांच्या मनातली किळस घालवणं हे त्यांच्या कामातलं सर्वांत अवघड कलम असणार, असं मला वाटतं. टाकी बांधायला गवंडी मिळतो. त्या टाकीच्या गॅसवर भाकरी भाजायला घर तयार व्हावं लागतं.

पण घरच्या उष्ट्या-खरकट्याच्या बाबतीत खरी कलाटणी दिली ती पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांनी. ते वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचा प्रश्न साधा होता. बायोगॅस करणारे जिवाणू शेणात येतात कुठून? जनावराच्या आतड्यातून. मग जनावराने खाऊन, पचवून, त्यातलं सत्त्व काढून घेऊन जे टाकलं, तेच त्या जिवाणूंना का खायला घालायचं? पिठूळ, साखरेचं अन्न थेट दिलं तर? त्यांच्या ‘आरती’ या संस्थेने 2003 च्या सुमारास प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या घेऊन एकीत दुसरी उपडी बसवून छोटं संयंत्र तयार केलं. संस्थेचा हिशेब असा: दोन किलो पिठूळ पदार्थांतून जवळजवळ अर्धा किलो मिथेन एका दिवसात मिळतो, तेवढ्यासाठी शेण लागतं 40 किलो आणि दिवस लागतात 40. या कामाला 2006 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ संयंत्र केलं. त्यात कचऱ्याचा लगदा आधी गरम पाण्यात, हवेच्या संगतीत फुगवतात आणि मग हवाबंद टाकीत सोडतात. त्यामुळे मोठ्या उपाहारगृहांचा, बाजारांचा कचराही लवकर जिरतो.

या टाकीच्या पोटात काय चालतं, ते जरा जवळून पाहू. तिथे दोन टोळ्या कामाला असतात. पहिल्या टोळीतले जिवाणू अन्न फोडून त्याची आम्लं करतात. ते झपाट्याने वाढतात, कशालाही दाद देत नाहीत. दुसऱ्या टोळीतले त्या आम्लांपासून मिथेन करतात. ते संथ आणि नाजूक. टाकीत सणावारी एकदम घमेलंभर श्रीखंड-पुरी-भात ओतलं, किंवा रसवंतीतल्या लिंबाच्या साली रोज टाकत राहिलं, की पहिली टोळी सुसाट सुटते आणि दुसरीला ते झेपत नाही. टाकी आंबते. उपडी टाकी वर चढलेली दिसते, पण शेगडी पेटवायला जावं तर ज्योत धरत नाही, कारण आत भरलेला असतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड. अशा वेळी काही दिवस खाऊ घालणं थांबवायचं, थोडा चुना, थोडं ताजं शेण द्यायचं आणि धीर धरायचा. ‘गॅस येत नाही’ म्हणून गंजत पडलेली कितीतरी संयंत्रं मुळात अशी आंबलेली असतात. त्यांना दुरुस्तीपेक्षा रोज लक्ष देणारं माणूस हवं होतं, आणि निविदेत नेमका त्याच माणसाचा पगार धरलेला नसतो.

आता कारखान्यांकडे वळू. साखर कारखान्यात टनभर ऊस गाळला की पावणेतीनशे ते तीनशे किलो बगॅस, म्हणजे चिपाड, निघतो. त्यातही निम्मं पाणीच असतं. तरी तो बॉयलरमध्ये उत्तम जळतो, कारण त्यात माती-राख अगदी थोडी आणि उरलेला सगळा धागा. त्याच्यावर कारखाना चालतो आणि उरलेली वीज महावितरणला विकली जाते. मळीपासून अल्कोहोल करताना लिटरमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश बाहेर पडतो. काळपट, तापलेला, उग्र वासाचा. एके काळी तो ओढ्याला सोडला जायचा. विहिरींचं पाणी तांबडं झाल्याच्या तक्रारी साखरपट्ट्यातल्या कुठल्या गावाला नव्या नाहीत. त्याच स्पेंटवॉशपासून आज डिस्टिलऱ्या बायोगॅस करतात आणि बॉयलरला देतात. प्रेसमडपासून, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळापासून, गाड्यांचा गॅस करण्याचे प्रकल्पही उभे राहत आहेत.

कारखान्याला जे साधतं ते शहराला का साधत नाही, हा माझ्या व्याख्यानाचा गाभा आहे. कारखान्यातला टाकाऊ माल एका जातीचा असतो आणि एका जागी निघतो. बगॅसमध्ये कोणी बॅटरीचे सेल टाकत नाही. स्पेंटवॉशमध्ये डायपर नसतात. शहराच्या कचऱ्याची माती होते ती मिसळल्यामुळे. लखनौत 2003 च्या सुमारास पाच मेगावॅटचा प्रकल्प झाला होता, आणि तो जाळण्याचा नव्हता, पचवण्याचाच होता. म्हणजे तिमारपूरचा धडा अर्धा गिरवला होता. तरी तो फार दिवस चालला नाही, कारण आलेल्या कचऱ्यात माती आणि दगडगोटेच फार. पद्धत बरोबर असून भागत नाही. पचवायला घ्यायचं ते निवडलेलं लागतं.

याउलट इंदूर बघा. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथे रोज 550 टन ओला कचरा घेणारं संयंत्र सुरू झालं. 17,000 किलो बायो-सीएनजी रोज, ही त्याची क्षमता. त्यावर शहराच्या बसगाड्या चालतात. चालवणारी कंपनी महापालिकेला वर्षाला अडीच कोटींच्या आसपास रक्कम देते. कचरा उचला म्हणून पालिकेने पैसे मोजायचे, ही आपली सवय. तिथे कचरा द्या म्हणून पालिकेला पैसे मिळतात. या उलटापालटीचं श्रेय मी यंत्राला देणार नाही. त्याआधी काही वर्षं त्या शहराने घरोघर ओला-सुका वेगळा करायची शिस्त लावली होती. तेव्हा कुठे कंपनीला भरवशाचा कच्चा माल मिळाला.

‘कचऱ्यातून वीज’ हे शब्द ऐकले की पुष्कळांना वाटतं, भट्टी आली की वर्गीकरणाची कटकट गेली. सगळं एकत्र जाळू. यावर माझं मत स्पष्ट सांगतो. प्लॅस्टिक जाळून मिळालेली वीज ही नवीकरणीय ऊर्जा नाही. प्लॅस्टिक म्हणजे खनिज तेलच. जे पुन्हा वापरता येत नाही आणि किलोमागे 1,500 किलोकॅलरीहून जास्त उष्णता देतं, ते जाळावं किंवा सिमेंटच्या भट्ट्यांना द्यावं, एवढीच जागा 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी त्याला दिली होती. पण भट्टी एकदा उभी राहिली की तिची भूक भागवावी लागते. मग पुठ्ठा, चांगलं प्लॅस्टिक, कागद हेही तिच्यात जायला लागतात. हे सगळं विकून ज्यांचं घर चालतं, त्या कचरावेचक बायांच्या तोंडचा घास जातो. पुण्यात 1993 पासून कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायतीने या बायांची संघटना बांधली. त्यांच्याच ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेच्या बाया आज दारोदार जाऊन ओला-सुका वेगळा घेतात. ऊर्जा प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात टर्बाइनला कलम असतं, पंपाला असतं. प्रकल्पाची पहिली पायरी ज्यांच्या हातून पार पडते त्या बायांच्या मजुरीलाही त्यात कलम असलं पाहिजे, अशी माझी मागणी आहे.

आणि काहीच केलं नाही तरी कचरा पचायचा थांबत नाही. मुंबईत देवनारच्या कचराभूमीवर तो 1927 पासून साचतो आहे. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथे हेच जिवाणू हाच मिथेन करत राहतात. फरक इतकाच, की तो वर हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या 28 पट हवा तापवतो. जानेवारी 2016 मध्ये त्या ढिगाला लागलेल्या आगीचा धूर आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल.

घरगुती हिशेबाबद्दल कोणाला भलती आशा दाखवायची माझी इच्छा नाही. शंभर घरांच्या सोसायटीत रोज 60-70 किलो ओला कचरा निघतो. त्यातून सहा-सात घनमीटर बायोगॅस मिळेल, म्हणजे तीन किलोंच्या आसपास स्वयंपाकाचा गॅस. पाच दिवसांत एक सिलिंडर. शंभर घरांत वाटून घ्यायला तो पुरणार नाही. वॉचमनच्या खोलीतली चूल आणि सोसायटीच्या कार्यक्रमांचा चहा मात्र त्यावर सहज होईल. सोसायटीने तो करावा, पण कचरा गावाबाहेर जायचा थांबतो म्हणून करावा.

मोठी बेरीज दुसरीकडे आहे. वसतिगृहांच्या मेस, देवस्थानांची प्रसादालयं, भाजी मंडया, हॉटेलं, मंगल कार्यालयं. इथे कचरा एका जागी निघतो, बहुतेक अन्नाचाच असतो आणि गॅस लागणारी चूल शेजारीच असते. साखर कारखान्याला ज्या सोयी आपसूक मिळाल्या, त्या सगळ्या इथे आहेत. रोज 100 किलोंहून अधिक कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्य तितका आपल्याच आवारात जिरवावा, असं 2016 च्या नियमांनी सांगितलं होतं. तेव्हा आपल्या नगरपालिकेने नवी भट्टी मागवण्याआधी गावातल्या अशा जागांची यादी करावी. ती यादी झाली आहे का, हे विचारणारा अर्ज या सभागृहातल्या कोणीही सोमवारी देऊ शकतो. यादी नसेल, तर ती करायला मदत म्हणून यायची माझी तयारी आहे.