कॅमशाफ्टची निवड

अमेरिकेंतील ड्रॅग शर्यत म्हणजे परंपरेनें पाव मैलाची, १,३२० फुटांची, सरळ धांव. तींत एंजिनाचा श्वासोच्छ्वास कॅमशाफ्टच्या स्वाधीन असतो. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत याची एक फेरी होते व याचे उंचवटे झडपा उघडतात. आंत घेणारी झडप अधिक काळ उघडी राहिली, तर अतिवेगांत मिश्रण भरपूर भरतें व शक्ति वाढते. मंदगतींत मात्र तेंच मिश्रण मागें ढकललें जातें आणि मोटार सुटतांनाच रेंगाळते. पहिल्या साठ फुटांत गमावलेला वेळ पुढें भरून काढणें कठीण. म्हणून सर्वांत मोठा कॅम घेण्याचा मोह आवरावा. मोटारीचें वजन, गिअरचें प्रमाण, सिलिंडरांतील दाब आणि एंजिन प्रत्यक्ष किती फेऱ्यांवर चालणार, हें आधीं ठरवावें. कॅमशाफ्ट त्यानंतर निवडावा.